आक्कांच्या गोठ्यातलं शेवटचं जनावर

"आई, मांजराला जनावर म्हणत नाहीत!"

आक्कांचा मुलगा ओरडत होता. पुण्याहून गाडी हाकत आलेला, चहाचा घोटही न घेतलेला, आणि उभा कुठं, तर आमच्या दूध संस्थेच्या पत्र्याच्या शेडमध्ये, चारचौघांच्या देखत. पत्रा असा तापलेला की वर बसलेला कावळा एकेक पाय उचलून नाचत होता. त्यात हा आवाज.

आक्का टेबलाच्या पलीकडं बसल्या होत्या. मांडीवर पांढरंशुभ्र, उशीएवढं मांजर. त्यांनी दुधाचं अर्ध्या लिटरचं माप उचललं आणि टेबलावर दाणकन आपटलं.

"जनावर न्हाई तर काय भाजीपाला हाय का रं? कावून वरडतो? मत घेऊ. मांजर हे जनावर हाय, असा ठराव. सूचक मी. अनुमोदक कोन?"

शेडमधले सगळे हात वर गेले. माझे तर दोन्ही गेले. दाराशी पेंगणाऱ्या कुत्र्यानंही एक पाय उचलला, पण तो बहुधा वेगळ्या कामासाठी असावा.

"सर्वानुमते मंजूर," आक्का म्हणाल्या. "आता च्या घे."

मुलानं कपाळाला हात लावला आणि चहा घेतला. त्या एका ठरावावर आक्कांचं गाव राहणार की सुटणार हे ठरणार होतं. कसं, ते सांगतो.

आक्का आमच्या दूध संस्थेच्या चेअरमन आणि मी संस्थेच्या टेम्पोचा ड्रायव्हर. वडवणीपासून आमचं गाव टेम्पोनं अर्ध्या तासावर, म्हणजे रस्ता जागेवर असला तर. सकाळी कॅन भरायचे आणि बीडच्या शीतकरण केंद्रावर ओतून यायचं, हा माझा धंदा. आक्कांचं खरं नाव सांगत नाही. अख्खं गाव आक्का म्हणायचं, त्यांचे मालकही आक्काच म्हणायचे. आवाज असा की त्यांनी गोठ्यातून हाक मारली की वडवणीच्या स्टँडवर सुटलेली एसटी थांबायची. कंडक्टरला वाटायचं, पॅसेंजर राहिला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. निदान पाहणाऱ्याकडून ऐकलंय.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या अंगात त्याचं काम मुरलेलं असतं. आक्कांच्या अंगात मीटिंग मुरली होती. ठरावाशिवाय त्या हलायच्या नाहीत. संध्याकाळी भाजी कोणती करायची, तर "वांग्याची करायची. सूचक मी. अनुमोदक कोन?" ओसरीवर पेपर वाचत बसलेले मालक पेपरातून डोकं न काढता हात वर करायचे. जन्मभर त्या माणसानं दुसरं काही केलं नाही म्हणतात. वांगी त्यांना आवडायची नाहीत, हे आम्हाला ते गेल्यावर कळलं.

मालकांच्या तेराव्यालाच मुलगा म्हणाला, "आई, आता पुण्याला चल." पंगत बसलेली. आक्का वाढता वाढता उभ्या राहिल्या.

"गोठ्यात जनावर हाय तोवर मी गाव सोडनार न्हाई. आन गोठा मोकळा झाला तर एक दिस ऱ्हानार न्हाई. सूचक मी. अनुमोदक कोन?"

सवयीनं त्यांची नजर ओसरीकडं गेली. तिथं पाट रिकामा होता. आई अशी अनुमोदकाशिवाय उभी राहिलेली पोराला बघवेना. त्यानं पत्रावळीवरचा उष्टा हात तसाच वर केला. "मी," म्हणाला.

तेव्हा दावणीला जागा नव्हती इतकी जनावरं. सगळ्या जातिवंत देवणी गाई. गावठी वासरू आक्का दारात उभं करायच्या नाहीत. मग पावसानं पाठ फिरवली. पहिल्या वर्षी कडबा संपला, दुसऱ्या वर्षी विहिरी. टेम्पोत कॅन कमी कमी होत गेले, आणि जे उरले ते मोकळ्या हौद्यात असे खडखडायचे की वाटेतली गावं मला भांडीवाला समजून बाहेर यायची. आक्कांची एकेक गाय बाजारात गेली. राहिली एक, चांदरी. म्हातारी, दुधातून गेलेली. सगळे म्हणाले, इका. आक्का म्हणाल्या, "भाकड झालं म्हनून दावनीचं जनावर इकत न्हाईत. मी बी भाकडच हाय. मला काढताव का बाजारात?"

त्यांनी चांदरीला चारा छावणीत नेऊन बांधलं आणि रोज ऊन डोक्यावर घेऊन तिच्याजवळ बसू लागल्या. छावणीत मिळायचा ऊस, तो म्हाताऱ्या दातांना चावेना. एक दिवस चांदरी बसली ती उठली नाही. बांबू घालून उचलायला आम्ही सहाजण लागलो, पण उभं राहायचं मनावर तिनंच घ्यायला हवं होतं. त्या दिवशी एसट्या वेळेवर सुटल्या.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "डायवर, पुन्याला जायचंय. ठरल्यापरमानं."

मीच त्यांना घेऊन गेलतो. मुलाचं घर चौथ्या मजल्यावर, नळाला पाणी, बेसिनला आरसा. पोरगं चांगलं, सूनही चांगली. पण आक्का गॅलरीत उभ्या राहायच्या आणि खालच्या स्कूटरींना हाड् हाड् करायच्या. जेवण तुटलं. मुलाला कळवळा आला. तो म्हणाला, "आई, जनावरं बघायचीत ना? इथं एक संस्था आहे. टाकून दिलेली कुत्री-मांजरं सांभाळतात. चल, दाखवून आणतो."

बिचाऱ्यानं स्वतःच्या पायानं नेलं. मीही तेव्हा आक्कांची खुशाली बघायला पुण्याला आलेलो, म्हणून सोबत होतो.

संस्था म्हटल्यावर आक्कांनी आधी पदर सावरला आणि विचारलं, "चेरमन कोन हाय हितला?" तिथं एक विशीतली मुलगी होती, हातावर ओरखडेच ओरखडे. ती म्हणाली, "चेअरमन नाही हो आजी, आम्ही सगळे मिळून बघतो." हे आक्कांना पटलं नाही. पिंजऱ्यांमागून पिंजरे, त्यात मांजरं. आक्का तरातरा पुढं. "ह्ये गावठी. ह्ये बी गावठी. मला जातिवंत दाखव."

मुलीनं जरा घुटमळून शेवटचा पिंजरा दाखवला. आत हे पांढरं मांजर आमच्याकडं पाठ करून बसलेलं.

"जात?"

"पर्शियन."

"गाव?"

"मूळचं इराणचं, आजी."

"लई लांबून आली बिचारी. तिकडं बी पाऊस न्हाई वाटतं."

मग आक्कांनी जनावरांच्या बाजारात करतात तशी तपासणी सुरू केली. ओठ वर करून दात पाहिले. पाठीवरून हात फिरवला, कातडं चिमटीत धरून सोडलं, शेपूट उचललं. "इच्या आईला दूध किती व्हतं?" मुलीनं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. मग मांजराचं तोंड स्वतःकडं वळवून आक्का एकदम ओरडल्या, "आन इच्या तोंडावर कुनी मारलं गं?"

"नाही आजी, या जातीचं नाक असंच बसकं असतं."

"मग ही दम कसा घेती?"

"घेते कशीतरी. उन्हाळा सोसत नाही तिला."

"एवढं जातिवंत जनावर. टाकलं कावून?"

मुलगी आवाज उतरवून म्हणाली, पिल्लं विकणाऱ्या एकाकडं ही होती. वर्षानुवर्षं पिल्लं काढली. आता होत नाहीत म्हटल्यावर खोक्यात घालून आमच्या फाटकाशी ठेवून गेला. वय झालेलं, म्हणून कुणी नेत नाही.

आक्कांचा हात मांजराच्या पाठीवर होता तिथंच थांबला.

"भाकड झाली म्हनून," त्या म्हणाल्या.

पुढं त्यांनी दात-शेपूट काही विचारलं नाही. मुलगा बाहेर फोनवर बोलत होता. त्या मुलीनं दत्तक द्यायच्या अटी सांगितल्या: दर रविवारी फोनवर मांजर दाखवायचं, परस्पर कुणाला द्यायचं नाही, आणि सांभाळणं झेपलं नाही तर इथंच परत आणायचं. आक्का मान हलवत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बराबर हाय. सूचक तू. अनुमोदक मी."

माझ्या माहितीत आक्का अनुमोदक झाल्या त्या तेव्हाच.

मुलगा आत आला आणि हबकला. "आई, आमच्या सोसायटीचा ठराव आहे, इमारतीत जनावर ठेवायचं नाही." आक्का गरीब तोंड करून म्हणाल्या, "मग मी ट्रंक आनाया गावाकडं जाते, तोवर ऱ्हाईल माझ्यासंगं." त्यांचं ते गरीब तोंड बघूनच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. पंधरवडा झाला तरी ट्रंक निघेना, तेव्हा तो गाडी घेऊन आला आणि शेडमध्ये तो सगळा आरडाओरडा झाला.

चहा संपता संपता आक्कांनी त्याला हळूच टोचलं होतं, "पुन्यात तूच म्हनलास, जनावर चालत न्हाई. वेस वलांडली की ते जनावर न्हाई व्हय?"

पोरगं हसलं. गाडीत बसताना मला एवढंच म्हणालं, "पुढचा उन्हाळा कसा काढणार रे ही?"

मांजराचं नाव आक्कांनी चांदरी ठेवलं. गोठ्यात चांदरीच्याच खुंट्याला दावं बांधलं. गाईचं ते दावं मांजराला अजगरासारखं दिसायचं. चार दिवसांनी दावं सोडलं, कारण ही चांदरी कुठं जायचंच नाव घेईना. उंदीर समोरून गेला तर बाजूला सरकून त्याला वाट द्यायची. आक्का कौतुकानं म्हणायच्या, "घरंदाज हाय. कुनाच्या वाटंत येत न्हाई."

ऊन काही हटेना, तेव्हा आक्कांनी बिरूदादाला बोलावलं. बिरूदादा आमच्या गावचा धनगर, संस्थेचाही सभासद. मेंढरं कातरायची कातर घेऊन आला आणि मांजर बघून उभाच राहिला.

"आक्का, ह्याची लोकर काढू? हयात गेली माझी कातरन्यात, पर माझ्याकडं अशी सावकारावानी बघनारी मेंढी न्हाई पाहिली."

"मेंढी न्हाई. इरानची हाय ती. नीट काढ."

काढली. डोकं आणि शेपटीचा गोंडा तेवढा राहिला. उरलेलं मांजर पाहून गावातली कुत्री तीन दिवस भुंकायचं विसरली. रविवारी फोनवर त्या मुलीनं पाहिलं आणि किंचाळली, "आजी, हे काय केलंत?" आक्का म्हणाल्या, "लोकर काढली. घोंगडं व्हनार न्हाई, पर तुला कानटोपी व्हईल." पलीकडं मुलगी इतकी हसली की फोन तिच्या हातातून पडला. पुढं दर रविवारी आक्का शेडमध्ये मांजर मांडीवर घेऊन फोनसमोर बसायच्या, केस चापूनचोपून. मांजराचे आणि स्वतःचेही.

त्या वर्षीचा पोळा मला विसरता येत नाही. बैल धुवायला नदीत पाणी नाही आणि पाणी असतं तरी धुवायला बैल नाहीत. निम्मे विकले, निम्मे छावणीत. वेशीपाशी वाजंत्री उभी, पण वाजवायचं कुणापुढं? कसेबसे तीन बैल आले, त्यातला एक लंगडा. तेवढ्यात आक्का आल्या. कडेवर चांदरी. अंगावर खणाची झूल, कपाळावर बेगडाचं बोटाएवढं बाशिंग.

आम्ही हसलो. पोटं धरून हसलो. हलगीवाल्यानं तर हलगीच खाली ठेवली. मग आक्का बैलांच्या मागं जाऊन रांगेत उभ्या राहिल्या, आणि रांग तिथंच संपली. मागं नुसता फुफाटा. हसणं एकेकाचं आपोआप थांबलं. बायका पुढं झाल्या, त्यांनी बैलांना ओवाळलं आणि मांजरालाही ओवाळलं. पुरणाचा घास मांजरानं हुंगून सोडला. तो लंगड्या बैलानं खाल्ला.

नंतरचा हिवाळा नावालाच आला. आणि मग तो उन्हाळा, ज्याबद्दल पोरगं मला विचारून गेलं होतं.

टँकर आधी दोन दिवसांआड यायचा, मग आठवड्यानं, मग आला तर आला. त्याच्यात पाण्यापेक्षा ड्रायव्हरचा घाम जास्त, असं मीच म्हणायचो, पण त्यावर हसायलाही तोंडात ओल लागते. संस्थेत एकच कॅन उरला होता, तोही अर्धा. आणि चांदरी तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागली. त्या बसक्या नाकातून गरम वारा आत जाईना आणि जीव बाहेर येईना. आक्का गोठ्यात गोणपाट ओलं करून तिला त्यावर निजवायच्या आणि सुपानं वारा घालत बसायच्या. गोणपाटावर शिंपडायला पाणी कुठून येतं, हे मी त्यांच्या फुटलेल्या ओठांवरून ओळखलं.

"आक्का, तुमच्या वाटनीचं पानी तिला घालताव. तुमचं काय?"

"मी वरडू शकते. तिला वरडता येत न्हाई."

पण त्याही आता ओरडत नव्हत्या.

मी बीडच्या केंद्रातून रिकाम्या कॅनमध्ये बर्फ भरून आणायला लागलो. निघताना ढेकूळ रांजणाएवढं, वडवणीला नारळाएवढं, आणि गोठ्यात पोचेपर्यंत आक्कांच्या ओंजळीत मावेल एवढं गार पाणी. त्यात पदर भिजवून त्या चांदरीच्या पोटावर ठेवायच्या. तेवढा वेळ तिची धाप उतरायची. तेवढाच.

एके दिवशी बर्फ दिला तर म्हणाल्या, "डायवर, मीटिंग बोलीव."

शेडमध्ये आम्ही पाच-सहाजण जमलो. आक्का माप हातात घेऊन बसल्या होत्या. आपटलं नाही. मांजर ओल्या फडक्यात गुंडाळून टेबलावर, डोळे मिटून.

"इषय येकच. चांदरीला पुन्याला माघारी पाठवायचं. सूचक मी. अनुमोदक कोन?"

कुणी हाललं नाही. सगळ्यांना दिसत होतं, आक्का कशावर मत मागत होत्या ते. हे जनावर गेलं की गोठा मोकळा, आणि गोठा मोकळा झाला की आक्का एक दिवस राहणार नव्हत्या. बोललेला शब्द फिरवणं त्यांना येत नव्हतं. मी आपलं म्हणून बघितलं, "आक्का, तिला पाठवू, पर येक गावठी मांजर आनून बांधू की खुंट्याला. लई तर पीठ लावून पांढरं करू. पोराला काय कळतंय?"

"पोराला न्हाई कळायचं," आक्का म्हणाल्या. "मला कळंल की."

पत्रा कडकड वाजत होता.

"मागल्या साली बी तुमी समदे गप बसला," त्या म्हणाल्या. "गाय इका म्हनलाव, मी न्हाई म्हनले, तुमी गप. माझ्या हट्टापायी बसल्या जागी गेली ती. आता हिला बी माझ्या हट्टापायी मारू का? कोन हाय अनुमोदक?"

मी टेम्पोच्या किल्लीशी चाळा करत बसलो. शेवटी कोपऱ्यातून बिरूदादा उठला. त्याच्या कळपातलं एकही कोकरू त्या उन्हाळ्यात जगलं नव्हतं. मांजराच्या उघड्या तोंडाकडं त्यानं एकदा बघितलं.

"जनावर मरंल, आक्का. अनुमोदक मी." आणि धोतराचा सोगा डोळ्याला लावत बाहेर निघून गेला.

"मंजूर," आक्का म्हणाल्या. सर्वानुमते म्हणाल्या नाहीत.

त्यांनीच मुलाला फोन लावला. तो गाडी घेऊन आला. आपण जिंकलो असं काही त्याच्या तोंडावर नव्हतं, हे त्याच्या बाजूनं मला सांगायलाच हवं. आक्कांनी गोठा झाडला. खुंटा हलवून बघितला, घट्ट होता, तसाच ठेवला. दावं गुंडाळून खुंटीला लावलं. माप शेडच्या टेबलावर पालथं घातलं. ट्रंक डिकीत, चांदरी जाळीच्या टोपलीत, टोपली आक्कांच्या मांडीवर.

"सगळं घेतलं ना आई?" मुलानं विचारलं.

आक्कांनी टोपलीवर ओलं फडकं टाकलं आणि मान हलवली. गाडी गेली. फुफाटा खाली बसायला बराच वेळ लागला.

चांदरी त्या मुलीच्या संस्थेत पंख्याखाली आहे, धाप थांबलीय, असं मुलानं कळवलं. सोसायटीनं आपला ठराव काही बदलला नाही. आणि आक्का त्या सोसायटीच्या सभासद नाहीत, सभासद मुलगा. मीटिंग खाली पार्किंगमध्ये होते, आक्का वर गॅलरीत असतात.

पुढं आमची संस्थाही बंद पडली. शेवटचा कॅन मीच बीडला ओतून आलो आणि स्टँडसमोर टेम्पो उभा करून आक्कांना फोन लावला. सवयीनं फोन कानापासून हातभर लांब धरला होता. काही ऐकू येईना म्हणून जवळ आणला.

मी भरपूर बोललो. म्हणालो, तुमच्याबिगर एसट्या टायमावर सुटायल्यात, लोकांची लई पंचाईत झालीय. म्हणालो, बिरूदादा तुमच्या गोठ्याच्या सावलीला बसतो, आन कुनी इचारलं की म्हनतो, अनुमोदक हाय मी, बसनारच. म्हणालो, संस्थेला कुलूप लागलं, पर माप मी घरी आनून ठिवलंय, तुमी आलाव की आपटायला. पलीकडून हुं नाही की चूं नाही. मला वाटलं, आता ओरडतील, आता ओरडतील.

शेवटी मीच विचारलं, "आक्का, तुमचं कसं हाय तिथं?"

"हितं पानी हाय," आक्का म्हणाल्या.